अनोळखी बाई हवी होती

"मी येऊ का आत?" भगवंतरावांनी तिसऱ्यांदा विचारलं.

"नको बाबा. तिथं एकट्यानंच बोलायचं असते," अपेक्षा म्हणाली.

दोघं सकाळच्या बसनं वडनेर भोलजीहून नांदुऱ्याला आली होती आणि दवाखान्याबाहेरच्या बाकावर बसली होती. अपेक्षा चोवीस वर्षांची. तीन वर्षं तिला धड झोप नव्हती. कुणी दाराला कडी लावली की तिला दरदरून घाम फुटायचा. दोन स्थळं त्यावरून मोडली, तेव्हा कुठं बाबा उपचाराला राजी झाले.

भगवंतराव निवृत्त हेडमास्तर. लहानपणापासून अपेक्षाचं काही चुकलं की ते तिला धान्याच्या खोलीत कोंडायचे. अजूनही कोंडायचे. हेच तिला कुणाला तरी सांगायचं होतं, पण बाबांना न ओळखणाऱ्या माणसाला. असा माणूस मिळणं महाकठीण. अर्धा जिल्हा बाबांनी घडवला, असं अर्धा जिल्हाच सांगत फिरायचा.

मनाचे डॉक्टर म्हणवणाऱ्यांच्या पाट्यांना काही तोटा नव्हता. चार दिवसांचं शिबिर केलेल्या एकानं तिला पहाटे पळायला सांगितलं होतं, आणि ती जे बोलली ते संध्याकाळच्या आत बाबांच्या कानावर घातलं होतं. म्हणून या वेळी ती ताकही फुंकून पीत होती. मैत्रिणीच्या फोनवरून तिनं या दवाखान्यात बसणाऱ्या सुचिता मॅडमबद्दल सगळं विचारून घेतलं. पदवी खरी. नोंदणी खरी. गोळ्या नाहीत, उपदेश नाही. दर आठवड्याला यायचं, मनात येईल ते बोलायचं, वर्ष लागो की दोन वर्षं. बोललेलं खोलीबाहेर जाणार नाही. मॅडम दर शनिवारी अकोल्याहून यायच्या, म्हणजे परक्या. अपेक्षाला पहिल्यांदाच आशा वाटली.

दार उघडलं. सुचिता मॅडमचा चेहरा पांढराफटक पडला. मग त्या पुढे आल्या आणि भगवंतरावांच्या पाया पडल्या.

"सुचिता ना तू? नववी ब!" भगवंतराव खुशीत आले. "माह्या हातची पोरगी हे! आता मले काही घोर नाही. घेऊन जाय हिले आत."

आत बसल्याबरोबर अपेक्षा म्हणाली, "मले काही बोलायचं नाही. बाबा लय चांगले आहेत."

सुचितानं दार नुसतं ओढून घेतलं, कडी लावली नाही.

"मी तुला घेऊ शकत नाही. ओळखीतल्या माणसाला घ्यायचं नसतं. नागपूरच्या एका बाईंचं नाव देते."

"नागपूरले बाबा पाठवणार नाहीत."

हे सुचितालाही ठाऊक होतं. ती खुर्चीत बसली आणि बोलू लागली, तेव्हा तिची शहरी भाषा कुठल्या कुठे गेली होती.

"हे काम शिकताना आमालेही कोणापुढं तरी बसून बोलावं लागते. मी सात वर्षं बोलली. शाळेतल्या नकाशांच्या अंधाऱ्या खोलीबद्दल. बाहेरून कडी लावणाऱ्या तुह्या बाबांबद्दल. आता भीती गेली, असं वाटलं होतं मले."

बाहेर बाकावर भगवंतराव खाकरले.

दोघीही ताडकन उभ्या राहिल्या.