वळलेल्या रेषा

साउथहॅम्प्टनच्या लॅबमध्ये ईशिताने आईला स्क्रीनवर आपला आलेख दाखवला. दोन रेषा एकमेकींकडे येत होत्या आणि अगदी जवळ आल्यावर वळून दूर जात होत्या.

"ही लाइटची लाइन, आणि ही एक्सायटॉनची, म्हणजे क्रिस्टलमधल्या एनर्जीच्या कणाची."

सुलक्षणाताईंचा चेहरा पडला. "म्हणजे भेटल्याच नाहीत गं. तीन वर्षं राबलीस ते फुकटच गेलं?"

"नाही गं आई, हेच तर पाहिजे होतं! दोघींचं काही कनेक्शन नसतं ना, तर सरळ एकमेकींना क्रॉस करून गेल्या असत्या, जसं काही दुसरी तिथे नाहीच. वळल्या म्हणूनच प्रूव्ह होतं, की दोघींमधलं कपलिंग स्ट्राँग आहे."

सुलक्षणाताई बघतच राहिल्या. मागच्या दिवाळीला स्लाऊच्या हॉलमध्ये त्यांचा सख्खा भाऊ, दादा, फराळाची डिश घेऊन समोरून आला होता. नऊ वर्षांचा अबोला. दोन हातांवर येऊन दोघंही थबकले आणि दोघांनीही तोंड फिरवलं. "मी मेले काय नि जगले काय, त्याला काही नाही," असं त्या तेव्हापासून सगळ्यांना सांगत होत्या. म्हणूनच गेल्या महिन्यात तो वारला, तेव्हा त्याच्या फ्युनरललाही गेल्या नव्हत्या.

"आई, काय झालं?"

त्यांनी पर्समधून फोन काढला. फ्युनरलच्या रेकॉर्डिंगची लिंक वहिनीने कार्डिफहून पाठवली होती. महिनाभर तशीच पडून असलेली ती लिंक त्यांनी आत्ता उघडली.

तिची मुदत संपली होती.