पूर्वेची साइत

माघातल्या त्या रविवारी फलामगढचे सारे हत्यारबंद लोक पूर्वेच्या घाटावर होते. बायका, मुले आणि म्हातारे पश्चिमेच्या घाटाजवळ, सल्लेरी गावात होते. शत्रू पश्चिमेच्या घाटाने आला. हल्ला होणार हे फलामगढला आधीच समजले होते.

बातमी नदीपलीकडच्या दैलीकोटहून आली होती. ती आणणारा माणूस दैलीकोटचा राजगुरू होता.

दैलीकोटचा राजा वारला तेव्हा गढीचे दरवाजे सुतकासाठी बंद झाले. तेरावा दिवस मावळेपर्यंत शस्त्राला कोणी शिवत नाही. या डोंगरांत तसा रिवाज आहे आणि शेजारची राज्ये त्या भरवशावर निर्धास्त असतात. मृत राजाचा धाकटा भाऊ, चौतरिया वीरध्वज, कारभार पाहत होता. दहाव्या दिवशी तो स्वतः राजगुरू देवकर्ण खनाल यांच्या ओसरीवर आला.

"रविवारची साइत काढून द्या, गुरुज्यू. फौजेसाठी."

राजगुरूंनी पंचांगाला हात लावला नाही. "रविवारी तेरावा आहे. सुतकात फौज?"

"सुतकात फलामगढवाले बेसावध असतात."

"त्यांच्याशी तह आहे. शाळिग्रामावर हात ठेवून शपथ घेतली आहे मी."

"तुम्ही घेतलीत. मी कुठे घेतली? दिशा पूर्व धरा."

निघण्याचा मुहूर्त दिशेवाचून काढता येत नाही. राजगुरूंनी तो काढून दिला. नकार दिला असता तर दुसऱ्या कोणी काढला असता, आणि राजगुरूंच्या दाराशी पहारा बसला असता. फलामगढला त्यांनी केवळ शपथ दिली नव्हती. मुलगी, पवित्राही, तिथेच दिली होती.

गढीबाहेर पडण्याची मोकळीक एकाच माणसाला होती. अकराव्या दिवशी एक ब्राह्मण मेलेल्या राजाचे कपडे घालून कट्टो खातो, म्हणजे राजाच्या कपाळाच्या हाडाची चिमूटभर पूड घातलेली खीर. मग त्याला राजाच्याच घोड्यावर बसवून नदीपार हाकलतात. त्याची जात जाते, घर जाते, परतीची वाट बंद होते. हे काम अन्नाला महाग झालेला कोणी परका ब्राह्मण करतो. राजगुरूंनी ते स्वतःसाठी मागून घेतले.

"दादांचा घोडा एवढा आवडला होता?" चौतरिया म्हणाला. "बोलायचं होतंत. असाच दिला असता."

"महाराजांना गती मिळायला हवी. आयत्या वेळी दुसरा बामण कुठे शोधता?"

"बरं. खा."

शुक्रवारी दुपारी राजगुरू फलामगढच्या राजवाड्यापुढे धुळीत बसले होते. छपराखाली त्यांना कोणी घेतले नाही. कट्टो खाल्लेल्याचे तोंड राजाने पाहायचे नसते, म्हणून राजा पडद्याआड होता. बोलणे मंत्र्याने, काजी मोतीसिंह खड्क्याने, चालवले.

"पढवून पाठवला असेल तर?" पडद्याआडून राजाने विचारले.

"पढवायला त्याला द्यायचं काय, महाराज?" काजी म्हणाला. "दैलीकोटचं अर्धं राज्य दिलं, तरी कट्टो खाल्लेल्याला ते भोगता येणार नाही." मग तो राजगुरूंकडे वळला. "पश्चिमेच्या घाटाने आले तर?"

"रविवारी पश्चिमेला दिशाशूळ असतो. त्या दिवशी तिकडे कोणी गुरंसुद्धा हाकत नाही, काजीसाहेब. साइत मीच काढून दिली आहे. पूर्वेची."

काजीच्या घरातही रविवारी कोणी पश्चिमेला जात नसे. त्याने मान डोलावली.

"बायकामुलांना कुठे हलवू?"

"सल्लेरीला," राजगुरू म्हणाले.

फौज त्याच दिवशी पूर्वेच्या घाटाकडे निघाली, कारण शनिवारी पूर्वेला दिशाशूळ असतो. बायका-मुले शनिवारी सकाळी पश्चिमेला निघायची होती. त्याआधी पवित्रा राजवाड्यापुढे आली आणि हाकेच्या अंतरावर थांबली. बापाच्या अंगावरचा जरीचा अंगरखा तिने पाहिला.

"बा, मुलं म्हणतात, आजोबा राजा झाले."

"त्यांना सांग, झाले."

"जवळ येऊ?"

"नको. उन्हं चढायच्या आत सल्लेरी गाठ."

रविवारी संध्याकाळपर्यंत सल्लेरीत धूर होता. पवित्रा आणि तिची मुले पाणवठ्यापाशी सापडली. राजगुरू काही अंतरावर उभे राहिले. मुलीच्या प्रेताला शिवण्याचा अधिकार त्यांना उरला नव्हता.

चौतरिया गावातून परत निघाला होता. त्यांना पाहून त्याने घोडा थांबवला, पण जवळ आणला नाही.

"आज रविवार आहे," राजगुरू म्हणाले. "पश्चिमेला आलात कसे?"

"नदी ओलांडून, गुरुज्यू. पाणी गुडघ्याएवढंच होतं."

कारण एवढेच होते. चौतरियाचा साइतीवर विश्वास नव्हता. राजगुरूंच्या शपथेवर होता.