फक्त पेशींसाठी

अ‍ॅलर्जीवरचं नवं औषध लागू पडलं! पण हे तुम्ही ऐकलंच नाही असं समजा, कारण सरांनी सगळ्या प्रयोगशाळेच्या तोंडाला कुलूप घातलंय.

आमच्या संशोधक ताईने काचेच्या ताटलीत वाढवलेल्या डोळ्याच्या पेशींवर मांजराच्या केसांचा अर्क टाकला, तशा त्या चवताळल्या. मग औषधाचा थेंब टाकला आणि त्या गपगार झाल्या. पण तो अर्क हाताळून ताईचेच डोळे टोमॅटोसारखे सुजले, आणि रविवारी धाकट्या भावाच्या लग्नात फोटो काढायचे होते.

"सर, एकच थेंब मला द्या ना!"

"अगं, वेड लागलंय का? माणसांची पाळी यायला अजून पाच वर्षं आहेत. तूर्त परवानगी फक्त पेशींना."

ताईने तिथल्या तिथे अर्ज खरडला:


'तरी रविवारपर्यंत माझी गणना पेशींमध्ये करण्यात यावी, ही नम्र विनंती.'