उतरतं अ‍ॅव्हरेज

"हे गेले आणि गाडीनं अंथरूणच धरलं बघा," बाई म्हणाल्या. "स्क्रीनवरचं पेट्रोलचं अ‍ॅव्हरेज दर आठवड्याला उतरतंय."

मेकॅनिकने प्लग, फिल्टर, चाकांतली हवा, सगळं तपासलं. गाडी ठणठणीत होती. मग त्याने बटणं दाबून पाहिली आणि त्याला हसू आलं.

"ताई, हे अ‍ॅव्हरेज पाच वर्षांचं मिळून आहे. साहेबांचा पाय हलका, तुमचा जरा जड. शून्य करून देतो, म्हणजे फक्त तुमचंच दिसेल."

बाईंनी झटकन त्याचं मनगट धरलं. "म्हणजे यात अजून ते आहेत?"

"आहेत की. पण तुम्ही चालवाल तसे कमी होत जाणार."

बाईंनी किल्ली काढून पर्समध्ये ठेवली आणि विचारलं, "इथून बस कुठे मिळते?"