दहा चमचे

चमचेवाला म्हणाला, हनुवटी खाली, आता गिळा. तिने गिळलं. खोकला नाही, ठसका नाही. दारात उभ्या असलेल्या सुताराच्या पोटात दुखलं. बायकोने घास गिळला म्हणून पोटात दुखावं याची त्याला लाज वाटली. पण दुखलं ते दुखलंच.

हॉस्पिटलात सगळे चमचेवाल्याला स्पीच थेरपिस्ट म्हणत. चमचेवाला हे नाव सुताराने ठेवलेलं. पक्षाघाताचा झटका आल्यापासून तिची वाचा गेली होती आणि गिळणंही बिघडलं होतं. साधं पाणी श्वासनळीत उतरायचं. या तरुणाने दीड महिन्यात तिला पावडर घालून दाट केलेल्या पाण्यापासून कुस्करलेल्या केळ्यापर्यंत आणलं. तो तिच्यासमोर खुर्ची घेऊन बसायचा, गळ्याला स्टेथोस्कोप लावून एकेक घोट ऐकायचा. सुताराला दारातून तिची फक्त पाठ दिसायची. एकतीस वर्षांच्या संसारात आपण हिचं एवढं लक्ष देऊन काही ऐकलं नाही, असं त्याच्या मनात यायचं, आणि मग चमचेवाल्याचाच जास्त राग यायचा.

चमचेवाला घरी गेला की संध्याकाळी सुतार भरवायचा. तोच चमचा, तेच केळं, तेवढाच घास. तरी दर दुसऱ्या घासाला ठसका. ती लालबुंद व्हायची, नर्स धावत यायची. हनुवटी खाली, असं तोही म्हणायचा. त्याचं ती ऐकायची नाही.

लेक म्हणाली, बाबा, तुमच्या हाताला चवच नाही. मग त्याचा चेहरा बघून म्हणाली, अहो, माझ्यापेक्षा लहान आहे तो, त्याच्यावर कसले जळता? दुसऱ्या दिवसापासून सुतार रोज दाढी करून यायला लागला. ठसका काही थांबला नाही.

आज शेवटची तपासणी होती. घरी भरवणार सुतारच. त्याच्या हातून दहा चमचे ठसक्याशिवाय गेले तर उद्या घरी. नाहीतर पुन्हा नाकात नळी. मागे ती नळी तिने दोनदा उपसली होती, म्हणून तिसऱ्यांदा तिचे हात पलंगाला बांधले होते. ते बघून सुतार जिन्यात जाऊन बसला होता.

चमचेवाला खुर्चीतून उठला आणि त्याने वाटी सुताराच्या हातात दिली. सुतार त्या खुर्चीत बसला नाही. रोजच्यासारखा तिच्याजवळ उभा राहिला, सहा फुटी, वाकून. पहिला चमचा गेला. दुसऱ्याला ठसका लागला. ती सावरल्यावर तिसरा दिला, त्यालाही लागला.

त्याने वाटी खाली ठेवली.

"तुम्हीच घेऊन जा तिला घरी."

चमचेवाला रागावला नाही. त्याने पलंगाखालून पाय ठेवायचा लाकडी ठोकळा ओढला आणि सुताराला त्यावर बसायला सांगितलं. एवढा मोठा माणूस बायकोच्या गुडघ्यांशी बसला. शाळेत मास्तरांनी शिक्षा करावी तसं त्याला वाटलं. तरी त्याने पुन्हा पहिल्यापासून चमचा भरला.

एक गेला. दोन गेले. तिची नजर खाली, त्याच्या तोंडावर. पाच. सात. स्टेथोस्कोप लावून चमचेवाला ऐकत होता. दहावा गेला तेव्हा त्याने कागदावर खूण केली. घरी न्यायला हरकत नव्हती.

पण सुताराच्या मनातलं जाईना. खाली बसल्यावर असं काय वेगळं झालं, असं त्याने विचारलं, जरा फणकाऱ्यानेच.

"घास तोंडात असताना त्या मान वर करून तुमच्याकडे बघत राहतात, म्हणून ठसका लागतो," चमचेवाला म्हणाला. "मी भरवतो तेव्हा चमच्याकडे बघतात. माझ्याकडे त्यांनी दीड महिन्यात एकदाही बघितलेलं नाही."