शनिवारची तालीम

"तू बातमी देत नाहीस, फाइल वाचून दाखवतेस," अर्काडी लेवोविच म्हणाले. "बाहेर जा. पुन्हा ये."

ईशानी बाहेर गेली, दार वाजवून आत आली, खुर्ची ओढून बसली आणि चौथ्यांदा म्हणाली, की तुमच्या पत्नीला आम्ही वाचवू शकलो नाही.

नागपूरला सहा वर्षं डॉक्टरकी केलेली ईशानी कॅनडात हॅलिफॅक्सला लायसन्सच्या परीक्षेत दोनदा नापास झाली होती. त्या परीक्षेत पेशंट म्हणून नट बसवतात. रोग ती अचूक ओळखायची, बोलण्यात मार्क जायचे. तिसरी संधी शेवटची.

अर्काडी लेवोविच मेडिकलच्या विद्यार्थ्यांसाठी असे पेशंट व्हायचे. लायब्ररीत ओळख झाली. दर शनिवारी दुपारी सराव घेतो, हे त्यांनीच सुचवलं. निमिषने, तिच्या नवऱ्याने, इंटरनेटवर त्यांचं नाव शोधलं. लेनिनग्राडच्या रंगभूमीवर एकतीस वर्षं, चाळीस सिनेमे. एका सिनेमात हा माणूस नुसते बूट काढतो. भाषा कळत नसूनही निमिषचे डोळे भरून आले.

"आणि इथे खोकायचं काम करतो?" निमिष म्हणाला.

"खोकतात कसे ते बघ. अकरा विद्यार्थी, अकरा वेळा तोच खोकला."

तालीम मात्र एकाच प्रसंगाची. छातीत दुखणं, गुडघा, ताप घेऊया, असं ईशानीने सुचवून पाहिलं. ते म्हणाले, हे जमलं की बाकीचं येतं. बातमी ऐकून ते एकदा हसले, एकदा तिच्यावर ओरडले, एकदा त्यांनी फक्त पाणी मागितलं. एवढा मोठा नट आपल्यासाठी इतके कष्ट घेतो, याचं तिला ओझं वाटायचं. "आज काका रडले की भांडले?" निमिष दर शनिवारी विचारायचा.

एकदा ते नुसते मफलरची घडी घालत बसले. मग म्हणाले, "नाही जमलं."

"माझं कुठे चुकलं?"

"तुझं नाही. माझं."

परीक्षेत मृत्यूची बातमी आलीच नाही. गुडघा आला, लहान मुलाचा ताप आला. ईशानी पास झाली. तिने लाडू केले आणि फोन लावला. ते म्हणाले, हॉस्पिटलला ये, सहाव्या मजल्यावर.

विद्यार्थ्यांचं ट्रेनिंग असणार, असं धरून ती गेली. कॉरिडॉरमध्ये ते कोट मांडीवर घेऊन बसले होते. खांदे पडलेले, नजर जमिनीवर. काय उभा केलाय माणूस, ईशानीच्या मनात आलं.

समोरच्या खोलीतून एक तरुण डॉक्टर बाहेर आला. फार घाईने चालतोय, तिला वाटलं, मार्क जाणार याचे.

अर्काडी लेवोविचनी हात वर करून त्याला थांबवलं आणि तिच्याकडे वळून म्हणाले, "माझी बायको गेली, हे तू सांग. तालीम मी तुझ्याबरोबर केली आहे."