वरच्या बिऱ्हाडाची तक्रार

आजींची तक्रार एकच होती: वरच्या बिऱ्हाडात कुणीतरी दिवसभर फर्निचर ओढतं. गृहसंस्थेच्या शिरस्त्याप्रमाणे तपासनिसाने त्यांना वही दिली. आवाज झाला की वेळ लिहायची. पंधरवड्यात वही भरत आली.

वरचं घर तर वर्षभर कुलूपबंद. आज त्याने स्वतः उघडून पाहिलं. रिकाम्या खोल्या, फरशीवर धुळीचा थर आणि त्यात फक्त त्याचीच पावलं.

“वर चिटपाखरूसुद्धा नाही, आजी,” खाली येऊन तो हसला. “उगाच जिवाला घोर लावून घेता.”

आजींनी वही पुढे केली. शाई अजून ओली होती.

‘सव्वाअकरा. साहेब वर चालतायत. मागोमाग आणखी कुणीतरी. साडेअकरा. दोघं जिना उतरले. वर सामसूम.’

त्याने मान वर केली. आजी त्याच्या पाठीमागे बघत होत्या.

“यांना,” त्या हळूच म्हणाल्या, “आता तुम्हीच नेणार ना?”